ओरेगनच्या वाटेवरची बाई: ऐतिहासिक कथा लिहू पाहणाऱ्यांसाठी

अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांचं चित्र आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात सिनेमातून आलेलं असतं. पांढऱ्या कापडाचं छत, पुढे बसलेला नवरा, शेजारी झालरीची टोपी घातलेली बायको, तिच्या मांडीवर मूल, आणि लांब टेकडीवर घोडेस्वार. ह्या चित्रात बाईला काही कामच नाही, ती नुसती बसलेली आहे. खरी बाई बसलेली नव्हती. मिसूरी नदीजवळच्या इंडिपेंडन्स गावापासून ओरेगनमधल्या विलामेट खोऱ्यापर्यंतचं अंतर सुमारे २,००० मैल, म्हणजे ३,२०० किलोमीटर. गाडीत सामान होतं आणि आजारी माणसं होती. बाकीच्यांनी ही वाट चार ते सहा महिने पायी तुडवली. ती त्यांच्यातलीच एक.

ह्या विषयावर मराठीत कथा किंवा कादंबरी लिहावी असं वाटणाऱ्यांसाठी हा लेख आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: त्या बाईच्या हाताला दिवसभर काय काम होतं ते आधी शोधून काढा. तिचं धाडस, तिचा राग, तिचं दुःख त्या कामातूनच वर येतं. धाडसापासून सुरुवात केलीत तर तिचा पुतळा होतो, आणि पुतळ्याला भूक लागत नाही.

पायरी १: साल पक्कं करा

‘एकोणिसावं शतक’ एवढ्यावर भागत नाही. ह्या वाटेवर दोन-तीन वर्षांत सगळं बदलायचं. १८३६ साली नार्सिसा व्हिटमन आणि एलायझा स्पॉल्डिंग ह्या दोन मिशनरी बायका नवऱ्यांबरोबर रॉकी पर्वतातली साउथ पास ही खिंड ओलांडून गेल्या. ही खिंड ओलांडणाऱ्या त्या पहिल्या गोऱ्या स्त्रिया. तुमची गोष्ट त्या काळातली असेल तर वाटेवर कुटुंबांचा तांडाच दिसणार नाही, फक्त फरच्या व्यापाऱ्यांचा काफिला दिसेल. १८४३ साली सुमारे हजारभर माणसं एकदम निघाली आणि कुटुंबांचं स्थलांतर खऱ्या अर्थानं सुरू झालं. १८४८ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियात सोनं सापडलं. १८४९ पासून वाटेवर गर्दी उसळली, आणि गर्दीबरोबर कॉलरा आला. १८५२ सालच्या रोजनिश्यांत कबरींची मोजदाद असते, १८४३ सालच्या आठवणींत ती तशी नसते. १८६९ च्या मे महिन्यात युटामधल्या प्रॉमन्टरी इथं रेल्वेचे दोन मार्ग जोडले गेले, आणि महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला.

साल ठरलं की त्या सालात काय नव्हतं ह्याची यादी करा. मी ही यादी भिंतीवर चिकटवून ठेवते, कारण चुका होतात त्या इथंच. काटेरी तारेचं पेटंट १८७४ चं. रिव्हेट मारलेली जीन्स १८७३ ची. स्क्रूच्या झाकणाची काचेची बरणी १८५८ ची. किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची तार १८६१ ची, आणि घोडेस्वारांची प्रसिद्ध टपालसेवा १८६० ते १८६१ एवढीच चालली. सैन्यानं फोर्ट लारामी विकत घेतला १८४९ मध्ये. १८४६ च्या कथेत तिथं सैनिक उभे केलेत तर जाणकार वाचक तिथंच पुस्तक मिटेल. हा किल्ला तेव्हा फरच्या व्यापाऱ्यांचा अड्डा होता. हूड पर्वताच्या बाजूनं जाणारा बार्लो रस्ता १८४६ मध्ये सुरू झाला. त्याआधीच्या माणसांना शेवटचा टप्पा कोलंबिया नदीतून तराफ्यावर पार करावा लागे.

नवख्या लेखकाला मी १८५२ किंवा १८५३ सुचवेन. त्या दोन वर्षांत बायकांनी लिहिलेलं साहित्य भरपूर आहे, वाट पुरेशी रुळलेली आहे, आणि धोकेही पुरेसे आहेत.

पायरी २: ती कोण, आणि जायचं कुणी ठरवलं?

‘पायोनियर स्त्री’ असं एकच माणूस नव्हतं. लग्न झालेली मध्यमवयीन बाई, नवी नवरी, विधवा आणि सतरा वर्षांची मुलगी ह्यांचा प्रवास एकाच तांड्यात असूनही वेगवेगळा असतो.

बहुतेक घरांत निर्णय नवऱ्याचा. त्या वेळच्या कायद्यानुसार लग्न झालेल्या बाईची मालमत्ता बहुतेक राज्यांत नवऱ्याच्या हाती जाई, त्यामुळे शेत विकायचं की नाही हे तिला कुणी विचारत नसे. काही जणी आनंदानं निघाल्या, हेही खरं. पण पुष्कळ जणी आई, बहिणी आणि लेकरांच्या कबरी मागे टाकून निघाल्या, आणि परत भेट होणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. एलिझाबेथ डिक्सन स्मिथ हिच्या १८४७ च्या रोजनिशीत एक प्रसंग आहे. सकाळी तांडा निघाला आणि एका बाईनं पुढे जायला साफ नकार दिला. नवरा बैल जुंपून मुलांना घेऊन पुढे गेला, ती मागे राहिली. शेवटी तिनं गाडीला आग लावली. असा प्रसंग तुम्ही मनानं रचला असता तर संपादक म्हणाला असता, जरा जास्त होतंय. तो घडलेला आहे.

जमिनीचा कायदा नीट समजून घ्या, कारण कथानकाला लागणारा ताण त्यात आयता आहे. १८५० च्या जमीनदान कायद्यानं ओरेगनमध्ये १ डिसेंबर १८५० पर्यंत पोचलेल्या जोडप्याला ६४० एकर मिळत. त्यातला अर्धा भाग बायकोच्या स्वतःच्या नावावर. नंतर आलेल्यांसाठी हे क्षेत्र निम्मं झालं. बाईच्या नावावर जमीन ही त्या काळात मोठी गोष्ट होती. पण त्याच कायद्यामुळे एकट्या पुरुषाला लग्न केलं की दुप्पट जमीन मिळू लागली, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींना मागण्या येऊ लागल्या. एकाच कायद्यानं एका बाईच्या हाताला काही लागलं आणि दुसरीचं बालपण गेलं.

सगळ्या बायका गोऱ्याही नव्हत्या. बिडी मेसन ही गुलाम स्त्री १८४८ मध्ये मिसिसिपीहून युटापर्यंत मालकाच्या गाड्यांमागून चालत गेली. जनावरं राखणं तिच्याकडे होतं, बाळंतपणं करणं तिच्याकडे होतं, आणि स्वतःच्या तीन मुली होत्याच. पुढे मालकानं तिला कॅलिफोर्नियात नेलं. तिथं १८५६ मध्ये न्यायालयानं तिला आणि तिच्या मुलींना मुक्त ठरवलं. लॉस एंजेलिसमध्ये ती सुईण म्हणून नावाजली आणि तिनं स्वतःची जमीन घेतली. आणि ओरेगन? कृष्णवर्णीयांनी तिथं राहूच नये असे कायदे १८४४ पासून होत गेले. ‘स्वातंत्र्याकडे जाणारी वाट’ असं वाक्य लिहिण्याआधी हे आठवा.

पायरी ३: रोजनिश्या वाचा, आणि त्यांनी गाळलेलंही वाचा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, हिच्यावर महिनाभर घालवा. ह्या वाटेवरच्या बायकांची पत्रं आणि रोजनिश्या केनेथ होम्स ह्यांनी अकरा खंडांत संपादित केल्या आहेत. अनेक मूळ हस्तलिखितं ओरेगन हिस्टॉरिकल सोसायटी, येल विद्यापीठाचं बायनेकी ग्रंथालय आणि बर्कलेचं बॅन्क्रॉफ्ट ग्रंथालय इथं जपलेली आहेत, आणि पुष्कळ मजकूर घरबसल्या वाचता येतो. त्या काळची वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर मिळतात. १८५० च्या दशकात छापून आलेल्या मजकुरावर आता कुणाचा हक्क उरलेला नाही, पण आजच्या संपादकांच्या टिपा आणि प्रस्तावना मात्र त्यांच्याच. त्या जशाच्या तशा उचलू नका.

वाचताना एक भेद कायम ध्यानात ठेवा. वाटेवर त्या त्या दिवशी लिहिलेलं वेगळं, आणि म्हातारपणी आठवून लिहिलेलं वेगळं. आठवणींत प्रसंग मोठे होतात, शत्रू वाढतात, स्वयंपाक नाहीसा होतो. रोजनिशीत हवा, गवत, पाणी, जळण आणि मैल असतात. आधी ती कंटाळवाणी वाटेल. थांबा, वाचत राहा.

अमिलिया स्ट्युअर्ट नाइट हिची १८५३ ची रोजनिशी घ्या. ९ एप्रिलला आयोवातून नवरा आणि सात मुलांसह निघाली. सुरुवातीलाच लिहिते की डोकं भयंकर दुखतंय, जेवणाचं मुलांनीच कसंबसं बघावं. मग पाऊस, चिखल, मेलेली जनावरं, मुलांची आजारपणं. ऑगस्टमध्ये तांडा निघताना लूसी नावाची मुलगी मागेच राहिली आणि कुणाला पत्ता नाही. मागून येणाऱ्या दुसऱ्या तांड्यानं तिला आणून पोचवलं. सप्टेंबरात ओरेगनमध्ये पोचल्यावर ती लिहिते की काही दिवसांनी माझं आठवं मूल जन्मलं. वाचक दचकतो. पाच महिने ती गरोदर होती आणि तिनं तसं एकदाही सांगितलेलं नाही.

कारण ते लिहायची रीत नव्हती. आता मागे जाऊन तीच पानं पुन्हा वाचा. ती डोकेदुखी, तो थकवा, डोंगर चढताना गाडीमागून जाणं, सगळ्याचा अर्थ बदललेला दिसेल. कथाकाराची जागा ह्या फटीत आहे. तिनं जे लिहिलं ते पुन्हा लिहू नका. तिनं जे गाळलं ते तिच्या अंगात शिरून लिहा.

एक सराव सांगते. एका रोजनिशीतली सलग दहा दिवसांची पानं घ्या. प्रत्येक दिवसासमोर तिनं न लिहिलेली एक कृती लिहा: कपडे कुठं वाळत घातले, लहान मुलाला शी-शू कुठं करवली, पाळी आली तेव्हा काय केलं. ज्याचं उत्तर सापडत नाही ते शोधा. माहिती गोळा करण्याची खरी सुरुवात ह्या प्रश्नांपासून होते.

पायरी ४: गाडी, बैल आणि वेळापत्रक

मराठी लेखकाला इथं एक मोठा फायदा आहे, आणि त्याच जागी एक खड्डाही आहे. आपल्याला बैलगाडी ठाऊक आहे. जू, आख, धाव, वंगण हे शब्द आपल्या जिभेवर आहेत. ते मोकळेपणानं वापरा. पण ओरेगनच्या वाटेवरच्या बैलाच्या नाकात वेसण नव्हती आणि गाडीवानाच्या हातात कासरा नव्हता. तो गाडीत बसत नसे. बैलांच्या डाव्या बाजूनं चालत, हातात लांब चाबूक धरून, तोंडानं हुकूम देई: ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे. गाडीला दोन-तीन जोड्या असत. पुरुष आजारी पडला की बाई किंवा पोरगा हाच चाबूक धरी.

गाडीचा साटा साधारण १० फूट लांब आणि ४ फूट रुंद, आणि त्यात हजारेक किलो सामान. जवसाच्या तेलात भिजवलेलं कापडाचं छत. एवढ्या जागेत एका कुटुंबाचं पाच महिन्यांचं पीठ आणि सगळी गृहस्थी. म्हणून निघताना काय घेतलं आणि पुढे वाटेत काय टाकलं ह्या दोन याद्या तुमच्या नायिकेचं चरित्रच सांगतात. बैल थकले की पहिल्यांदा जड फर्निचर जाई. आईकडून आलेली आरामखुर्ची उतरवायची की नवऱ्याचा नांगर, हे भांडण एका अख्ख्या प्रकरणाचं आहे. हेंडरसन लुएलिंग नावाच्या गृहस्थानं १८४७ मध्ये मातीनं भरलेल्या पेट्यांत सुमारे ७०० फळझाडांची रोपं आयोवाहून ओरेगनला नेली. त्याची बायको एलिझाबेथ आणि आठ मुलं बरोबर होती. रोज त्या रोपांना पाणी घालायचं, तेही पाण्याची मारामार असलेल्या मुलखात! ही गोष्ट एलिझाबेथच्या बाजूनं लिहून बघा.

वेळापत्रक कागदावर मांडल्याशिवाय पहिलं वाक्यही लिहू नका. एप्रिलअखेर ते मे: गवत उगवल्यावर निघायचं, आधी निघालं तर जनावरं उपाशी. मे-जून: प्लॅट नदीच्या काठानं सपाट मैदान, फोर्ट कर्नी, मग चिमणी रॉकचा सुळका, फोर्ट लारामी. ४ जुलैच्या सुमाराला इंडिपेंडन्स रॉक हा प्रचंड खडक, ज्यावर हजारोंनी नावं कोरली. मग साउथ पास. खिंड म्हटल्यावर आपल्या मनात घाट उभा राहतो, पण साउथ पास जवळजवळ ७,४०० फुटांवर असूनही इतकी रुंद आणि सौम्य चढाची आहे की माथा कधी ओलांडला ते कळू नये. तिथं कडे-कपाऱ्या रंगवू नका, त्या पुढे आहेत. जुलै-ऑगस्ट: ग्रीन नदी, फोर्ट हॉल, आणि स्नेक नदीचा रखरखीत काठ. सप्टेंबर: ब्लू माउंटन्स. मग कोलंबिया नदीकाठचं डॅल्स, आणि तिथून नदी किंवा बार्लो रस्ता, ज्याचा टोल गाडीमागे ५ डॉलर होता. पैसे संपलेल्या कुटुंबासाठी तो टोलनाका म्हणजे शेवटची अडवणूक.

दिवसाची मजल १० ते १५ मैल. तुमच्या नायिकेनं एका दिवसात ४० मैल कापले तर बैल मेले असं समजा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी लेखकांनी तर जाऊनच यावं. वायोमिंगमधल्या गर्न्सी गावाजवळ वालुकाश्मात चाकांनी कोरलेले चर आजही छातीभर खोल दिसतात, आणि ओरेगनमधल्या बेकर सिटीजवळ ह्या वाटेचं मोठं माहिती केंद्र आहे.

पायरी ५: चूल

रँडॉल्फ मार्सी ह्या लष्करी अधिकाऱ्यानं १८५९ च्या मार्गदर्शिकेत दर मोठ्या माणसामागे सुचवलेला शिधा असा: १५० पौंड पीठ, २५ पौंड खारवलेलं डुकराचं मांस, १५ पौंड कॉफी, २५ पौंड साखर, शिवाय सोडा, मीठ, मिरी. हा हिशोब वाचला की रोजचं जेवण दिसायला लागतं: पाव, मांस, कॉफी. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, दुपारी सकाळचं उरलेलं गार.

हे रांधायचं कशावर? मैदानात झाड नाही. मग बायका आणि मुलं झग्याच्या ओच्यात रानशेण्या गोळा करत, बायसनच्या. सुरुवातीला नाक मुरडणाऱ्या बायका आठवड्याभरात सराईत झाल्या. मराठी वाचकाला ह्यात नवल वाटणार नाही, आणि म्हणूनच त्या गोऱ्या बाईची पहिली किळस तुम्हाला मुद्दाम, तिच्या बाजूनं उभी करावी लागेल. वारा सुटला की आग विझायची, म्हणून जमिनीत चर खणून त्यात चूल करत. तीन पायांचं बिडाचं भांडं, झाकणावरही निखारे, त्यात पाव. पाऊस आला की छत्री धरून पीठ मळायचं. सकाळचं दूध डब्यात घालून गाडीला टांगलं की दिवसभराच्या हिसक्यांनी संध्याकाळी लोणी निघायचं. इंडिपेंडन्स रॉकजवळ तळ्याकाठी जमिनीवर फुललेला क्षार बायका खरवडून घेत आणि सोडा म्हणून पिठात घालत.

पुरुषाचा दिवस मुक्काम पडला की बराचसा संपे, बाईचा तिथून सुरू होई. धुणं आठवड्यानं, कधी दोन आठवड्यांनी. रविवारी थांबावं असा अनेक बायकांचा हट्ट असे. देवाचं नाव होतंच, पण तो धुण्याचा आणि पाव भाजून ठेवण्याचाही दिवस होता.

पायरी ६: कपडे आणि शरीर

घोट्यापर्यंत झगा, खाली परकर, डोक्याला पुढे पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातलेली कापडी टोपी. ह्या झग्यामुळे माणसं जखमी झाली. १८४४ मध्ये नऊ वर्षांच्या कॅथरीन सेगरनं चालत्या गाडीतून उडी मारली, झग्याची कड अडकली आणि पाय चाकाखाली मोडला. पुढे वाटेतच तिचे वडील गेले, काही आठवड्यांनी आईही, जिनं वाटेवरच एका मुलीला जन्म दिला होता. सात भावंडं पोरकी झाली.

शौचाला जायचं कुठं? सपाट मैदान, आडोसा नाही. बायका गोलाकार उभ्या राहून, झगे पसरून एकमेकींना आडोसा करत. बरोबर दुसरी बाई नसलेल्या बाईची काय अवस्था होत असेल, हा विचार केलात की तांड्यातल्या बायकांची मैत्री कशावर उभी होती ते समजेल.

आजारांत कॉलरा पहिला. सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी पुरलेला. लक्षात ठेवा, पाण्यातून कॉलरा पसरतो हे तुमच्या पात्रांना माहीत नाही. लंडनच्या जॉन स्नोचा प्रसिद्ध नकाशा १८५४ नंतरचा. ते शिळ्या अन्नाला, हवेला, देवाच्या कोपाला दोष देतील, आणि त्याच डबक्यातलं पाणी पुन्हा भरतील. वाचकाला ठाऊक आणि पात्राला नाही, ह्यातून येणारी भीती कुठल्याही हल्ल्यापेक्षा मोठी आहे.

१८५२ मध्ये रिबेका विंटर्स कॉलऱ्यानं गेली. तिच्या कबरीवर चाकाची लोखंडी धाव खोचली होती आणि तीवर तिचं नाव आणि वय कोरलेलं होतं. पुढे रेल्वेची आखणी करणाऱ्यांना ती सापडली आणि त्यांनी रूळ बाजूनं नेले. पण अशा कबरी थोड्या. बहुतेक मृतांना वाटेतच पुरून वरून गाड्या नेत, म्हणजे लांडग्यांना माग लागू नये. आईनं ते करायला संमती देणं आणि मग दुसऱ्या दिवशी चालू लागणं: हा प्रसंग लिहाल तेव्हा विशेषणं काढून टाका.

पायरी ७: ज्यांच्या जमिनीवरून ही वाट गेली

‘रेड इंडियन’ हा शब्द निवेदनात वापरू नका. कोण ते नेमकं सांगा: प्लॅटच्या काठी पॉनी आणि लकोटा, ग्रीन नदीच्या बाजूला शोशोनी, ब्लू माउंटन्सच्या पलीकडे कायूस. इतिहासकार जॉन अनरू ह्यांच्या मोजणीनुसार १८४० ते १८६० मध्ये मूळ रहिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मेले, आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळ रहिवासी. वीस वर्षांचा हा आकडा. कॉलरा, बुडून होणारे मृत्यू आणि स्वतःच्याच बंदुकीचे अपघात ह्यांपुढे तो लहान आहे. गाड्यांचं कडं करत ते मुख्यतः जनावरं आत कोंडायला.

रोजनिश्यांत जे पुन्हा पुन्हा येतं ते देवाणघेवाणीचं. स्नेक नदीकाठी बायका सुया, शर्ट, एप्रन देऊन सामन मासा घेत. नदी ओलांडताना वाट दाखवणारे, जनावरं पोहत पार नेणारे स्थानिकच असत. दोन बायका, एकमेकींची भाषा येत नाही, मध्ये एक मासा आणि एक शर्ट: हल्ल्याच्या दहा पानांऐवजी हे एक पान लिहा.

आणि दुसरी बाजू तिच्याच तोंडून ऐका. उत्तर पायूट जमातीच्या सॅरा विनेमका हिनं १८८३ च्या आत्मकथनात लहानपणाची आठवण सांगितली आहे. गोरे येताहेत आणि ते माणसं खातात अशी वार्ता आली. पळता येईना, तेव्हा आईनं तिला आणि चुलतबहिणीला मातीत पुरलं, तोंडं तेवढी उघडी ठेवून वर झुडपं लावली, आणि रात्र पडेपर्यंत त्या तशाच होत्या. माणसं खाल्ल्याची वार्ता खोटी नव्हती. १८४६ च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकलेल्या डोनर तांड्यानं मृतांचं मांस खाल्लं होतं. भीती दोन्ही बाजूंना होती, आणि वाटेवरचं गवत, लाकूड, शिकार एकाच बाजूची संपत होती.

पायरी ८: खरी माणसं की कल्पित?

पहिल्या पुस्तकात नायिका कल्पित ठेवा, साल, वाट आणि कायदा खरे ठेवा. खऱ्या व्यक्ती वाटेत भेटल्या तर एक-दोन प्रसंगांत, आणि त्यांच्या तोंडी नोंदीत नसलेली मोठी विधानं घालू नका.

खरी व्यक्तीच हवी असेल तर शेवटापर्यंत वाचा. नार्सिसा व्हिटमनच्या मिशनमध्ये १८४७ मध्ये गोवराची साथ आली. कायूस मुलं मोठ्या संख्येनं मेली, गोरी बरीचशी वाचली, आणि २९ नोव्हेंबरला कायूसांनी हल्ला केला. त्यात नार्सिसा मारली गेली. तिथं वाढत असलेल्या सेगर भावंडांपैकी दोन मुलगेही मारले गेले. तिला नुसती हुतात्मा केलीत तर कायूस आया तुमच्या पुस्तकातून गळतात.

ॲबिगेल स्कॉट हिच्याकडेही पाहा. १८५२ मध्ये सतरा वर्षांच्या ह्या मुलीवर वडिलांनी रोजनिशीचं काम सोपवलं. जूनमध्ये आई कॉलऱ्यानं गेली, ऑगस्टमध्ये धाकटा भाऊ, आणि ती मैलांची नोंद करतच राहिली. १८५९ मध्ये तिनं ह्याच प्रवासावर कादंबरी छापली. म्हणजे ह्या विषयावर ललित लिहिणाऱ्यांच्या रांगेत वाटेवरचीच एक मुलगी तुमच्या आधी उभी आहे. लग्नानंतरचं तिचं नाव ॲबिगेल स्कॉट डनिवे. ओरेगनमध्ये बायकांना मताधिकार मिळाला तो १९१२ मध्ये, आणि त्यासाठी तिनं चाळीस वर्षं झुंज दिली होती.

पायरी ९: त्यांनी मराठीत बोलायचं कसं?

बायका लिखाणात नवऱ्याचा उल्लेख ‘मिस्टर अमुक’ असा करत. म्हणून संवादात बायकोनं नवऱ्याला ‘अहो’ म्हणणं चालतं, नवऱ्यानं तिला ‘तू’. शेजारच्या गाडीतली बाई ‘मिसेस स्मिथ’च राहू द्या. दोन महिन्यांनी, एखाद्या बाळंतपणानंतर, त्या एकमेकींना नावानं हाक मारू लागल्या तर वाचकाला काय बदललं ते न सांगता समजेल.

ही बायबल वाचणारी माणसं आहेत. त्यांच्या तोंडी रामायण-महाभारतातले दाखले, पूर्वजन्म, नशिबाच्या रेघा नकोत. पाव हा पावच असू द्या, भाकरी करू नका. मैल आणि पौंड ठेवा, त्यांनी कोस मोजले नाहीत. परक्या वस्तूसाठी इंग्रजी नाव फेकण्यापेक्षा ती वस्तू हातात धरल्यासारखी दोन शब्दांत सांगा. खेड्यातली गोडी आणण्यासाठी पात्रांना वऱ्हाडी किंवा मालवणी बोलायला लावू नका. त्यानं जागाच बदलते. साधी घरगुती मराठी, छोटी वाक्यं, एवढं पुरतं.

पायरी १०: लिहायला बसताना

प्रवासाच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करायची गरज नाही. प्लॅटच्या मैदानात, पाचव्या आठवड्यात, चूल पेटत नाही तिथं सुरू करा. मागचं घर हवं तेव्हा आठवणीतून येईल. एका प्रसंगात एकच काम घ्या, ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिच्या हातून होऊ द्या, आणि त्याच कामात काहीतरी अडू द्या.

शेवट ओरेगनच्या हिरव्या खोऱ्यात पोचण्याशी करायचा मोह होतो. थोडं पुढे जा. एलिझाबेथ स्मिथचं कुटुंब १८४७ च्या नोव्हेंबरात पोर्टलंडला पोचलं, गळक्या खोपटात हिवाळा काढला, आणि फेब्रुवारीत तिचा नवरा वारला. अमिलिया नाइटच्या नवऱ्यानं बैलांच्या दोन जोड्या देऊन जमीन घेतली, त्यावर बिनखिडक्यांचं ओंडक्यांचं खोपट आणि अर्धा एकर बटाटे. सहासष्टाव्या वर्षी निघालेली टॅबिथा ब्राउन १८४६ च्या डिसेंबरात पोचली तेव्हा हातमोज्याच्या बोटात तिला सव्वासहा सेंटचं एक नाणं सापडलं. तिनं त्यातून सुया घेतल्या, जुने कपडे देऊन स्थानिक बायकांकडून कातडं घेतलं, हातमोजे शिवून विकले, आणि पुढे अनाथ मुलांना सांभाळत जी शाळा उभी करायला मदत केली तिचंच आज फॉरेस्ट ग्रोव्हमध्ये पॅसिफिक युनिव्हर्सिटी हे विद्यापीठ झालं आहे.

पहिला खर्डा झाल्यावर तीन वेगळी वाचनं करा. एकदा फक्त तारखा आणि मैल तपासा. एकदा फक्त वस्तू, त्या भिंतीवरच्या यादीसमोर. आणि एकदा प्रत्येक पानावर नायिकेच्या हातात काय आहे एवढंच बघा. जिथं सलग दोन पानं तिचे हात रिकामे आहेत, तिथं ती बहुधा दुसऱ्या कुणाच्या गोष्टीत प्रेक्षक झालेली असेल. ती पानं पुन्हा लिहा.